धन्याने खूण सांगावी

जुना ब्लॅक टप पब, हॅलिनथ्वेट
२० मार्च २००१

प्रिय आयझॅक,

क्लिफर्ड टपालवाला सांगतो की तुमच्या लोगिलच्या वाटेवर औषधात भिजवलेला पेंढा अंथरलाय आणि आत-बाहेर कुणालाच सोडत नाहीत. पत्रं तो फाट्यावरच्या दुधाच्या जुन्या कॅनमध्ये टाकतो म्हणे. म्हणून लिहिते. फोनवर मला धड ऐकू येत नाही. तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

गोठ्यात मेंढ्या आल्या आहेत.

सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले तर दगडी गोठ्याच्या खालच्या दाराला कडी. पब बंद झाल्यापासून ती कडी मी लावलेली नाही. आत जपून ठेवावं असं आहे काय? दार ढकललं, तर अंधारातून डझनभर तोंडं माझ्याकडे बघतायत, मीच परकी असल्यासारखी. सगळ्या म्हाताऱ्या, सगळ्या गाभण. आणि कडी काही मेंढ्यांनी आतून लावली नाही, बाहेरून लावता येते ती फक्त.

बाबांचा नियम तुला आठवत असेलच. पबच्या गोठ्यात चुकार मेंढी आली की तिला चारापाणी द्यायचं, कुणाला काही विचारायचं नाही, आणि धनी आला की त्याला दाराबाहेर उभं करायचं. मेंढी बघायच्या आधी त्याने तिच्या कानाला कापून पाडलेली आपली खूण सांगायची. बरोबर सांगितली तरच कडी उघडायची. चुकार मेंढ्या परत द्यायच्या मेळाव्याच्या दिवशी आईची मटण-बटाट्याची हंडी चुलीवर आणि बाहेर दहा धनगर थंडीत उभे राहून कानांची वर्णनं करतायत, आपण दोघं माळ्यावरून ऐकत हसतोय.

कान मी चाचपले आहेत. खूण मी लिहीत नाही. ती सांगणं धन्याचं काम.

पण त्या वेळी आणि आता फरक आहे, आयझॅक. खोऱ्यात लाळ्या-खुरकूत आहे. गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून डेव्हीचं रान, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून त्याच्या मेंढ्या त्याच भिंतीशी येऊन वितात. मध्ये फक्त एक भिंत आहे. तू काय म्हणतोस?

तुझी बहीण,
विनी


लोगिल
२२ मार्च

विनी,

माझ्या मेंढ्या माझ्याच आवारात आहेत. शेती खात्याची माणसं काल मोजून गेली. तुझ्याकडच्या डोंगरापलीकडून आल्या असतील. या दिवसांत माणसांची डोकी ठिकाणावर नाहीत, कुणीतरी फाटक उघडं टाकलं असेल.

पण आल्याच आहेत तर ठेव. बाहेर सोडू नकोस. रस्त्याकडच्या भिंतीतल्या हवेच्या फटी पोत्यांनी बुजव. पाणी ओढ्याचं नको, नळाचं दे. माळ्यावरचं गवत अजिबात घालू नकोस, ते तुझ्या पबच्या काळातलं आहे, निम्मं काटेच. शेडमधल्या नव्या गाठी फोड. लंगड्या म्हातारीला वेगळं घाल, बाकीच्या तिला तोंड घालू देत नाहीत.

डेव्हीला आणि त्याच्या बायकोला, रूथला, काही बोलू नकोस. उगाच धास्ती घेतील.

शेजारी हार्करकडे काल सगळं मारलं. आज जाळतायत. धूर आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलाय, ब्रेडलासुद्धा वास लागलाय.

आयझॅक


हॅलिनथ्वेट
२४ मार्च

आयझॅक,

लंगडी म्हातारी?

माझं पत्र मी मनात तीनदा वाचलं. डझनभर लिहिलं, म्हाताऱ्या लिहिलं, गाभण लिहिलं. लंगडी मी कुठेच लिहिलं नव्हतं. लहानपणी जॅमची बरणी फोडून तू मांजरावर ढकललीस आणि वर सांगितलंस की मांजराने झाकण आधी फिरवून उघडलं. साठीला आलास तरी खोटं बोलायला शिकला नाहीस.

मला कसला राग आलाय सांगू? मेंढ्या आणल्यास त्याचा नाही. माझ्या दारात आणून मला काही न सांगता गेलास त्याचा. आणि डेव्हीचा. त्या पोराला काठी कशी धरायची ते तू शिकवलंस. तुझ्याच हाताखाली सहा वर्षं राबला, मग कर्ज काढून शेजारचं रान घेतलं. त्याच्या चारशे मेंढ्या या भिंतीला पाठ लावून उभ्या आहेत. काल त्याचं पहिलं जुळं झालं. भिंतीपलीकडून मला कोकरं उचलून दाखवत होता, आणि मी गोठ्याच्या दारात पाठ लावून उभी. "विनीमावशी, काय झालं, दरवाजा पडतोय की तूच?" म्हणाला. मी हसले. मला त्या हसण्याची लाज वाटली.

बाबांनी गोठा चुकार जनावरांसाठी ठेवला होता. पब गेला, पाटी कुणा शहरी माणसाने दिवाणखान्यात टांगायला नेली, पण गोठा उभा राहिला, आणि त्याचा शब्दही. कुणी तो आडोसा म्हणून वापरावा, आणि तेही माझ्याच भावाने?

सोमवारपर्यंत खरं लिही. नाहीतर मी खात्याला कळवते.

विनी


लोगिल
२६ मार्च

विनी,

माझ्याच आहेत. मोजणीच्या आदल्या पहाटे धुक्यातून ओढ्याच्या पात्राने वर आणल्या. कुत्रं घेतलं नाही. त्या कुत्र्याशिवायही माझ्यामागे आल्या.

आता हे नीट वाच, कारण तू पबवाली. तुला मेंढी म्हणजे मेंढी.

हार्करची मेंढरं आजारी निघाली. आमची नाहीत. रोज तोंड उघडून बघतोय, खूर बघतोय, काही नाही. पण नियम असा की आजारी रानाला लागून असलेलं रानही साफ करायचं. म्हणजे आमच्या चांगल्या मेंढ्या मारणार. गुरुवारी येणार आहेत. बरं, मी अडवत नाही. भरपाई देतील, नव्या घेता येतील.

पण रेवन क्रॅगच्या वर आपली जी जागा आहे, आपला हीफ, तिथे कुंपण नाही. कधी नव्हतं. डेव्हीची जागा कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते ते मेंढ्यांना कळतं, कारण आईने कोकराला दाखवलं, तिला तिच्या आईने. आजोबांच्या आधीपासून ती ओळ तुटलेली नाही. उद्या बाजारातून हजार मेंढ्या आणून वर सोडल्या तर संध्याकाळपर्यंत पलीकडच्या खोऱ्यात उतरतील. त्यांना शिकवणारं कुणी उरणार नाही. मी शिकवू शकत नाही, विनी. मला चार पाय नाहीत.

म्हणून ज्यांना डोंगर सगळ्यात जास्त माहीत आहे त्या निवडल्या. तेरा होत्या. नोव्हेंबरच्या बर्फात त्यातली एक वरच राहिली, तिला कोल्ह्याने नेलं असणार. उरलेल्या तुझ्या गोठ्यात आहेत. त्या राहिल्या तर लोगिल राहील. नाहीतर मी नुसता एक घर असलेला म्हातारा.

डेव्हीचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि तरी आणल्या. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

रोज सकाळी एकेकीचं तोंड उघड. ओठाच्या आत, जिभेवर, हिरड्यांवर फोड आहे का बघ. मग पायाच्या खुरांमध्ये. कुणी लाळ गाळायला लागली, ओठ चाटायला लागली, तर समज.

मग काय करायचं ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे.

आयझॅक


हॅलिनथ्वेट
३० मार्च

आयझॅक,

काल तुमच्याकडून धूर वर चढताना दिसला. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि मग पुन्हा उघडली. बंद खिडकीमागे बसणं बरं वाटेना. त्या धुरात तुझं काय काय होतं ते मला माहीत आहे. तुझं काय झालं असेल!

इकडचं सांगते. खात्याला मी कळवलं नाही. का नाही कळवलं ते मला विचारू नकोस. रोज सकाळी तोंडं बघते. पहिल्या दिवशी एकीने माझं बोट चावलं, आता आपणहून ओठ वर करतात, दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारख्या. आजवर काही नाही. ओरडतात मात्र फार. मी गोठ्यालगतच्या न्हाणीघरात रेडिओ लावून ठेवलाय, मोठ्याने. बुधवारी रूथ फाटकाबाहेर अंडी न्यायला आली, म्हणाली, "मावशी, आता कान पार गेले का तुमचे? रेडिओ आमच्याकडे ऐकू येतोय!" मी म्हटलं, हो गं, पार गेले.

खोटं बोलायला मीही तुझ्याइतकीच कच्ची आहे असं समजत होते. नाहीये.

एक अडचण आहे. शेडमधल्या गाठी संपल्या. दुकानातून मागवल्या तर माझ्यासारख्या कोंबडीवालीला गवत कशाला, असं सगळं गाव विचारील. म्हणून दोन दिवस माळ्यावरचं घालतेय. हाताने निवडून घालते, काटे वेचून.

काल एक व्यायली. कोकरू अशक्त आहे पण उभं राहिलं.

३१ मार्च, सकाळी
हे पत्र पाकिटात घालणार होते. लंगड्या म्हातारीच्या तोंडातून लाळ गळतेय. दोरीसारखी, जमिनीपर्यंत. सारखे ओठ चाटतेय आणि खात नाही. तोंड उघडू देत नाही, मी एकटी तिला धरू शकत नाही. पलीकडे डेव्हीच्या कोकरांचा आवाज येतोय. क्लिफर्डला उत्तरासाठी फाट्यावर थांबायला सांगितलंय.


लोगिल
३१ मार्च

विनी,

थांब. काटा असेल. नक्की काटाच असेल. दोन दिवस थांब. तिला बाकीच्यांपासून वेगळी कर, मिठाच्या पाण्याने तोंड धू.

गुरुवारी सगळ्या मारल्या. शेवटच्या जिची पाळी आली ती मी हाताने वाढवलेली, चालत माझ्याकडे आली. खात्याचा माणूस नंतर म्हणाला, तुमच्यात काही आजार दिसला नाही. टोपी काढून म्हणाला. अंगणात इतकी शांतता आहे की घड्याळ थांबवून ठेवलंय.

माझ्याकडे आता तेवढ्याच आहेत. दोन दिवस. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही.

आयझॅक


हॅलिनथ्वेट
२ एप्रिल

आयझॅक,

मी थांबले नाही.

तुझी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि गोठ्यात जाऊन म्हातारीशेजारी पेंढ्यात बसले. तिने लाळेचं तोंड माझ्या गुडघ्यावर ठेवलं. काटा असेल, मीही स्वतःला तेच सांगत होते. पण काटा नसला तर? दोन दिवसांत डेव्हीचं सगळं जाईल, मग त्याच्या वरचं रान, मग पलीकडचं खोरं. तू बारा मेंढ्यांचा विचार करत होतास. मला भिंतीपलीकडची सगळी दिसत होती.

फोनवर मला खात्याचं बोलणं ऐकू येणार नव्हतं. त्यामुळे मला रूथलाच सांगावं लागलं. तिच्या अंगणात तर जाता येत नव्हतं, कपड्यांना लाळ लागलेली. मग मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले आणि ती बादली घेऊन त्या बाजूला, आणि ओरडून सांगण्यासारखी नव्हती ती गोष्ट मी ओरडून सांगितली. "रूथ! माझ्या गोठ्यात आयझॅकच्या मेंढ्या आहेत! एक लाळ गाळतेय! फोन कर!" तिच्या हातातली बादली पडली नाही की काही नाही. तिने ती सावकाश खाली ठेवली. मग म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "कधीपासून?"

मी सांगितलं.

खात्याची जनावरांची डॉक्टर आली ती न्यूझीलंडची पोरगी, पांढऱ्या कपड्यांत, डोळे लाल. तोंड उघडून बराच वेळ बघितलं. हिरडीवर जखम आहे, म्हणाली, कशाची ते सांगता येत नाही, तपासल्याशिवाय मी कुणालाच शब्द देणार नाही. पण या मेंढ्या जिथून आल्या आणि जशा आल्या, त्यामुळे आज संध्याकाळीच. मी म्हटलं, आणि डेव्हीच्या? या मेंढ्यांच्या रक्ताच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबते, माझ्या जबाबदारीवर, म्हणाली.

मी गोठ्यात थांबले. ती नको म्हणाली, मी ऐकलं नाही. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग. शेवटपर्यंत एकेकीचं डोकं धरलं. कोकराचंही. आपल्या बाबांच्या गोठ्यात आजवर असं झालं नव्हतं, आणि ते मी केलं.

डेव्ही भिंतीपाशी उभा होता. माझ्याशी बोलला नाही.

विनी


हॅलिनथ्वेट
७ एप्रिल

आयझॅक,

निकाल आला. आजार नव्हता. डॉक्टर पोरीने स्वतः येऊन सांगितलं. हिरडीत काट्याचं टोक रुतलेलं सापडलं. माळ्यावरच्या गवतातलं.

डेव्हीच्या मेंढ्या वाचल्या.

तू दोन दिवस मागितलेस आणि तू बरोबर होतास. मला हे आधी कळलं असतं तर वगैरे मी लिहिणार नाही, कारण मला कळणं शक्य नव्हतं, आणि उद्या पुन्हा तशी लाळ दिसली तर मी पुन्हा रस्त्यावर जाऊन ओरडेन. पण ते गवत माझ्या हातचं होतं. तू नको म्हणाला होतास. त्याचं मला वाईट वाटतं, इतकं की गोठ्याकडे मी आता बघत नाही, मागच्या दाराने जाते.

काहीतरी लिही. शिव्या लिही.

विनी


हॅलिनथ्वेट
१७ नोव्हेंबर २००१

आयझॅक,

क्लिफर्ड म्हणतो, कॅनमधली माझी पत्रं तू नेतोस. म्हणजे वाचत असशील. निदान शेगडीत घालत असशील.

आज मेळाव्याचा दिवस. कुठेच मेळावा नाही, मेंढ्या हलवायला बंदी आहे. तरी मी हंडी चढवली, सवयीने, आठ माणसांची, आणि एकटी जेवले. गोठा पांढऱ्या चुन्याने आतून धुऊन घेतला, खात्याने सांगितल्याप्रमाणे. भिंती तशाच भक्कम आहेत. आपल्या दोघांना पुरून उरतील.

डेव्ही आता दुरून हात करतो. बोलत नाही. रूथ अंडी नेते. मेंढ्या चोरून हलवल्याबद्दल कोर्टाने तुला काय सुनावलं ते मी पेपरात वाचलं, बहिणीने भावाचं पेपरात वाचावं!

ख्रिसमसला ये. नाही आलास तरी तुझं ताट वाढीन.

विनी


हॅलिनथ्वेट
१७ जुलै २००२

आयझॅक,

आज मी तुझी मनधरणी करायला लिहीत नाहीये. हे कामाचं पत्र आहे.

काल डेव्हीने लोकर कापायला डोंगरावरच्या मेंढ्या खाली आणल्या. आज सकाळी तो माझ्या दारात आला. तेव्हापासून पहिल्यांदा. खांद्यावर कोकरू आणि मागे दोरीने एक मेंढी, इतकी गबाळी की मला आधी ती मेंढीच वाटेना. दोन वर्षांची लोकर अंगावर, निम्मी गळून मागे फरफटतेय. दोन उन्हाळे तिला कुणाची कात्री लागलेली नाही. कोकराचा बाप कोण ते डेव्हीचा फरार एडकाच जाणे.

"विनीमावशी," म्हणाला, "ही माझी नाही. हिला गोठ्यात ठेवायची का? नियम अजून चालू आहे ना?"

मी गोठ्याचं दार उघडलं.

तिला आत सोडून तो तिथेच दगडावर बसला. ती कुठे सापडली ते सांगत होता. रेवन क्रॅगच्या वर, एकटी. सबंध उतारावर दुसरं जनावर नाही, गवत गुडघाभर वाढलेलं, कुंपण नाही, अडवणारं कुणी नाही. आणि ती म्हणे त्याच्या हद्दीच्या ओहोळापाशी येऊन चरत होती, पण ओहोळ ओलांडत नव्हती. कोकरू एकदा ओलांडून गेलं तर तिने पलीकडून हाका मारून मारून त्याला परत आणलं. हे सांगताना त्याने तोंड फिरवलं. मला म्हणाला, "काका मला हेच सांगायचे."

आता नियमाप्रमाणे. पबच्या गोठ्यात एक चुकार मेंढी आहे, कोकरासह. चारापाणी चालू आहे. मी कुणाला काही विचारत नाही. कान मी चाचपले आहेत. धन्याने स्वतः यावं आणि दाराबाहेर उभं राहून खूण सांगावी.

विनी


लोगिल
१८ जुलै

विनी,

डावा कान टोकाशी सरळ छाटलेला. उजव्याला खालच्या कडेने एक खाच, अंगठ्याएवढी. ती खाच जरा वाकडी आहे, कारण त्या दिवशी कान डेव्हीने धरला होता आणि तो तेव्हा नवीन होता.

शनिवारी सकाळी येतो. दाराबाहेर पुन्हा सांगेन, तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. डेव्हीला म्हणावं, तूही ये.

तोवर तिला माळ्यावरचं गवत घालू नकोस.

आयझॅक